‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्या मुलांसाठी



बारावीचा निकाल लागला की चर्चच्या ऑफिसात गर्दी वाढते. अ‍ॅडमिशनसाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, फादरांचे पत्र लागते. अशाच एका संध्याकाळी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. दाखल्यावर सही करता करता मी सहज विचारले, “कुठे घेतोस अ‍ॅडमिशन?”

“बी.कॉम.ला, फादर.”

“छान. आणि पुढे काय करायचं ठरवलंयस?”

मुलाने आधी आईकडे पाहिले, मग जमिनीकडे. “अजून ठरलं नाही, फादर.”

आईला मेल्याहून मेल्यासारखे झाले. “घरीपण हेच सांगतो बघा. ह्याच्या वयाच्या सगळ्यांचं ठरलंय. तुम्हीच आता चार शब्द सांगा ह्याला.”

मी दाखल्यावर शिक्का मारला आणि म्हणालो, “खरं बोललास, हे फार बरं केलंस.” आईला ते काही आवडले नाही. मागे माणसे खोळंबली होती, त्यामुळे बोलणे तिथेच थांबले. ते अर्धे राहिलेले बोलणे आज पूर्ण करीत आहे.

माझी एक चूक

मी त्या मुलाला असे का म्हणालो, हे सांगायचे तर मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. असाच एक मुलगा माझ्याकडे आला. बारावी सायन्सला चांगले गुण होते, पण पुढे काय करावे ते त्याला कळत नव्हते. मला मिस्साची घाई होती. घड्याळाकडे बघत मी दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला, “इंजिनियरिंग घे. स्कोप आहे. बाकीचं पुढे बघू.” त्याच्या वडिलांनाही तेच हवे होते. फादरही तेच म्हणाले, म्हणजे देवाचीच इच्छा, असे घरात ठरले. वडिलांनी कर्ज काढले.

दीड वर्षाने एका रात्री तो पुन्हा आला. पहिल्या वर्षाच्या चार विषयांत केटी होती. तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेला तो बसलाच नव्हता. रोज सकाळी आईने दिलेला डबा घेऊन घराबाहेर पडायचा, वसई रोडहून चर्चगेटला जायचा, तिथे कुठेतरी बसून डबा खायचा आणि संध्याकाळी कॉलेज सुटायच्या वेळी घरी यायचा. घरात कोणालाही पत्ता नव्हता. “तेव्हा तुम्ही अजून दोन प्रश्न विचारले असते, तर मी सांगितलं असतं, फादर,” तो म्हणाला. “मला मशीन कधीच आवडत नव्हती.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांसमोर आम्ही दोघे बसलो. तो तास मी विसरणार नाही. पुढे तो आर्ट्सला गेला, बी.एड. झाला, आज एका शाळेत शिकवतो आणि मुलांचा लाडका आहे. देवाच्या कृपेने शेवट चांगला झाला. पण वाया गेलेले दिवस परत आले नाहीत आणि वडिलांचे कर्ज फिटायला सहा वर्षे लागली. त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली. ‘ठरलं नाही’ हे उत्तर ऐकायला बरे वाटत नाही, परंतु त्यावर उपाय करता येतो. लोकांचे तोंड बंद करण्यासाठी दिलेल्या खोट्या उत्तरावर मात्र उपाय करता येत नाही, कारण दुखणे कुठे आहे तेच कोणाला कळत नाही. लग्नात, साखरपुड्यात, मयताच्या घरीसुद्धा आपण मुलांना विचारतो, “पुढे काय?” मुले हुशार असतात. ‘सीए करणार’, ‘यू.पी.एस.सी. देणार’ असे ठोकून देतात आणि सुटतात. आपणही खूश होतो.

तीन प्रकारचे ‘ठरलं नाही’

डॉक्टर आधी ताप कशाचा ते बघतो, मग औषध देतो. ‘ठरलं नाही’ म्हणणाऱ्या मुलांचेही निदान तीन प्रकारचे असते.

पहिल्या मुलाला बऱ्याच गोष्टी आवडतात. त्याला गिटारही आवडते, हिशेबही जमतात, इतिहासही वाचावासा वाटतो. एक निवडले तर बाकीचे सोडावे लागेल, याचे त्याला दुःख होते. अशा मुलाला हे सांगावे लागते की जे पोटापाण्याचे होणार नाही ते सोडलेच पाहिजे असे नाही. बँकेत नोकरी करून चर्चमध्ये गायनमंडळ सांभाळणारी माणसे आपल्यात आहेतच.

दुसऱ्या मुलाला काहीच आवडत नाही, असे त्याला वाटते. खरे म्हणजे त्याने फार थोड्या गोष्टी पाहिलेल्या असतात. शाळा, क्लास आणि मोबाइल एवढ्यातच सतरा-अठरा वर्षे गेली. न चाखलेल्या पदार्थाची आवडनिवड कशी सांगणार? त्याला उपदेशाची गरज नाही. त्याला जग दाखवावे लागते.

तिसऱ्या मुलाचे ठरलेले असते, पण घरी सांगायचे धाडस नसते. हा प्रकार आपल्याला वाटतो त्यापेक्षा अधिक आहे. एका मुलाने मला हळूच सांगितले, “फादर, मला आमची वाडीच करायची आहे. पण पप्पा म्हणतात, शिकून पुन्हा मातीतच जाणार असशील तर शिकतोस कशाला?” दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. बारावी सायन्सनंतर चार वर्षांचा शेतीचा पदवी अभ्यासक्रम तिथे शिकवला जातो. शिकून मातीत जाता येते आणि मानाने जाता येते. एखाद्या मुलीला वकील व्हायचे असते, पण घरात ‘नर्सिंग बरं, लगेच नोकरी लागते’ असे आधीच ठरलेले असते. नर्सिंग हे फार थोर काम आहे, पण ते मनातून करायचे काम आहे. अशा मुलांचा प्रश्न करिअरचा नसतोच. त्यांना घरात ऐकणारे कोणीतरी हवे असते.

मुलांनो, तुम्ही या तिघांपैकी कोण, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ओळखा.

कॉलेजच्या फॉर्मवर आपण काय ठरवतो?

पुष्कळ मुले असे समजतात की अ‍ॅडमिशनचा फॉर्म म्हणजे आयुष्याचा करारनामा. तसे नाही. फॉर्मवर आपण पुढच्या दोन-तीन वर्षांचा अभ्यास ठरवतो. जन्मभर काय करायचे ते त्यावर लिहिलेले नसते. पण याचा अर्थ ‘काहीही घ्या, चालते’ असाही नाही. कोणता दरवाजा पुढे उघडा राहतो आणि कोणता बंद होतो, एवढे पाहूनच सही करावी.

काही दरवाजे लवकर बंद होतात. डॉक्टर व्हायचे तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हवे आणि नीट परीक्षा हवी. इंजिनियरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स हवे. हे विषय सोडले आणि नंतर विचार बदलला, तर मागे जाऊन ते विषय पुन्हा द्यावे लागतात. म्हणून दहावीनंतर ज्याचे ठरलेले नाही, पण या विषयांची खरी आवड आहे, त्याने ते घाईने टाकू नयेत. मात्र ज्याला ते झेपतच नाहीत, त्याला केवळ ‘दरवाजा उघडा राहावा’ म्हणून सायन्सच्या वर्गात बसवू नये. नापास होऊन कोणताच दरवाजा उघडा राहत नाही.

पुष्कळ दरवाजे मात्र पदवीनंतरही उघडे असतात. तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यास, एम.बी.ए., बँकांच्या परीक्षा, केंद्र व राज्य लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षा, यांना कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. कायद्याला व एम.बी.ए.ला ठरावीक टक्के आणि प्रवेश परीक्षा लागते. हाताला कसब हवे असेल तर दहावीनंतर आय.टी.आय. आहे, पॉलिटेक्निक आहे. दोन वर्षांचा आय.टी.आय. झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनियरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोय आहे. घरच्या परिस्थितीमुळे नोकरी धरावी लागली, तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकायची सोय देत आहेत.

पदवीच्या अभ्यासाची रचनाही आता बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी पद्धत लागू झाली. आता मुख्य विषयाबरोबर, म्हणजे मेजरबरोबर, मायनर विषय असतो आणि वेगळ्या शाखेतला एखादा ओपन इलेक्टिव्हही घ्यावा लागतो. एका वर्षानंतर काही अटी पूर्ण करून सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स पदवी, असे टप्पे आहेत. ज्याचे ठरलेले नाही त्याने ओपन इलेक्टिव्ह ‘सोपा कुठला’ असे विचारून घेऊ नये. ‘मला कशाची चव घेऊन बघायची आहे’ असे विचारून घ्यावा. सोय आयती चालून आली आहे, तिचा उपयोग करावा.

चर्चची रीत काय आहे?

आता माझ्या स्वतःच्या वाटेचे सांगतो. सेमिनरीत गेलो तेव्हा अनेकांना वाटले, ह्याचे सगळे ठरले. खरे तर माझे काहीच पक्के ठरलेले नव्हते. एक ओढ होती, एवढेच. आणि चर्चनेही मला पहिल्या दिवशी पक्के उत्तर मागितले नाही. चर्चच्या कायद्यानुसार धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो. तेवीस वर्षे पूर्ण होण्याआधी डिकन होता येत नाही, पंचवीस पूर्ण होण्याआधी गुरुदीक्षा नाही. दोन्हींच्या मध्येही किमान सहा महिन्यांचे अंतर असते. माझ्याबरोबरचे काहीजण मध्येच थांबले. कोणी शिक्षक झाला, कोणी वकील. त्यांना कोणी ‘पळपुटे’ म्हटले नाही. ‘नीट पारखून घेतलं’ असेच आमचे रेक्टर म्हणाले.

लग्न करणाऱ्यांनाही आपण शिबिराला पाठवतो, नावे पुकारतो, विचार करायला वेळ देतो. जन्माच्या निर्णयाला चर्च इतका वेळ देते, तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने फॉर्मच्या चार दिवसांत जन्माचे उत्तर द्यावे, असा हट्ट आपण का धरतो?

पण एक लक्षात घ्या. सेमिनरीतला तो वेळ रिकामा नव्हता. पहाटे घंटा वाजायची, अभ्यास होता, परीक्षा होत्या, दर वर्षी कोणीतरी समोर बसवून विचारायचे, “यंदा काय कळलं?” वेळ मिळणे वेगळे आणि वेळ घालवणे वेगळे. ज्याचे ठरलेले नाही त्याला वेळ द्यावा, पण त्या वेळेला काहीतरी शिस्त असावी. माझे आजचे सांगणे थोडक्यात एवढेच आहे.

विवेकाच्या तीन पायऱ्या

ही शिस्त कशी असावी? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा विवेक या सद्गुणावरचा विचार मी वाचला होता. तेव्हा परीक्षेपुरता पाठ केला. त्याचा अर्थ मात्र त्या मुलाच्या प्रसंगानंतर कळला. खुद्द संत थॉमस यांच्या घरच्यांनी त्यांच्यासाठी मोठ्या मठाचे प्रमुखपद योजले होते. ते डॉमिनिकन संघात गेले, म्हणून घरच्यांनी त्यांना सुमारे वर्षभर अडकवून ठेवले होते. तेव्हा हा विषय त्यांना केवळ पुस्तकातून माहीत होता असे नाही.

ते सांगतात की विवेकाच्या तीन पायऱ्या आहेत. आधी विचारपूस करणे, मग निवाडा करणे आणि शेवटी स्वतःला आज्ञा देऊन ते अमलात आणणे. पहिली पायरी गाळली तर तो उतावळेपणा, दुसरी गाळली तर अविचार आणि तिसरी गाळली तर चंचलपणा. बारा वर्षांपूर्वी मी पहिली पायरीच गाळली होती.

विचारपूस. कॉलेजचे पहिले वर्ष याच कामाचे आहे. महिन्याला एक याप्रमाणे वर्षभरात दहा माणसांना भेटा. शक्य तर त्यांच्या कामाच्या जागी भेटा. आपल्या धर्मग्रामातच नर्स आहेत, वकील आहेत, वायरमन आहेत, जहाजावर काम करणारे आहेत, फुलांचा आणि केळीचा धंदा करणारे आहेत. त्यांना चार प्रश्न विचारा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही नक्की काय करता? या कामातला कंटाळवाणा भाग कोणता? यासाठी काय शिकावे लागले आणि किती खर्च आला? सुरुवातीला हातात किती येत होते? ‘स्कोप आहे का’ हा प्रश्न विचारू नका. दहा वर्षांनी कशाला मागणी असेल हे कोणालाच ठाम सांगता येत नाही. आज तर कॉम्प्युटर स्वतःच लिहू आणि चित्रे काढू लागला आहे. जे आपल्या हातात आहे त्याविषयीच माणूस विचारविनिमय करतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले. दहा वर्षांनंतरचा बाजार आपल्या हातात नाही. काम समजून घेणे आपल्या हातात आहे.

याबरोबर एक छोटी वही ठेवा. कोणत्या दिवशी वेळ कसा गेला ते कळले नाही? कोणत्या विषयाचे पुस्तक कोणी न सांगता उघडले? कोणत्या कामासाठी लोक आपणहून मला बोलावतात? सुट्टीत एखादे काम करून बघा, मग ते दुकानातले असो की दवाखान्यातले. कल चाचणी दिली असेल तर तिचा निकालही वहीत लिहा. तो कल दाखवतो, तो हुकूम नव्हे.

आणि अभ्यास मन लावून करा. ‘आपलं ठरलंच नाही, मग अभ्यास कशासाठी?’ असे म्हणून लेक्चरला दांडी मारणारी मुले मी पाहतो. उलट ज्याचे ठरलेले नाही त्यानेच अधिक अभ्यास करायला हवा. ज्याला एकाच दारातून जायचे आहे, त्याला त्या एका दाराची किल्ली पुरते. ज्याला कुठले दार ते माहीत नाही, त्याच्याजवळ सगळ्या किल्ल्या हव्यात. चांगले गुण, बरे इंग्रजी, नीट लिहिता-बोलता येणे, ह्या सगळ्या दारांना चालणाऱ्या किल्ल्या आहेत.

निवाडा. यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी फार व्यवहारी उपाय दिले आहेत. ते स्वतः शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, म्हणून विचार करायला वेळ मिळाला. पुढे तिशी ओलांडल्यावर बार्सेलोनात लॅटिनची मुळाक्षरे गिरवीत बसले. उशिरा शिकायला लागले म्हणून काही बिघडले नाही. ते सांगतात, कागद घ्या आणि या निवडीचे फायदे व तोटे दोन्ही बाजूंना लिहून काढा. मग असा विचार करा की एखादा अनोळखी मुलगा, अगदी तुमच्याच परिस्थितीतला, तुमच्याकडे सल्ला मागायला आला आहे. तुम्ही त्याला काय सांगाल? दुसऱ्याला सांगताना आपली भीती आणि आपला मोठेपणा मध्ये येत नाही. मग जे त्याला सांगाल ते स्वतः करा. आणखी एक इशारा ते देतात. मन खचलेले असताना आधीचा निर्णय बदलू नका. पहिल्या परीक्षेत कमी गुण पडले त्याच रात्री कॉलेज सोडायचे ठरवू नका. मन शांत झाल्यावर पुन्हा वही उघडा.

आज्ञा. विचारपूस सावकाश करावी आणि एकदा ठरल्यावर अंमलबजावणी झटपट करावी, असे संत थॉमस अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने सांगतात. म्हणून आजच कॅलेंडरवर दोन तारखांना खूण करा. नाताळच्या सुट्टीत पहिला आढावा, ईस्टरला दुसरा. ईस्टरला जे ठरेल त्याप्रमाणे दुसऱ्या वर्षाचे विषय घ्यायचे किंवा वाट बदलायची. शंभर टक्के खात्री तेव्हाही वाटणार नाही. ती मला गुरुदीक्षेच्या दिवशीही वाटली नव्हती. अब्राहामालाही कुठे जायचे ते माहीत नव्हते, तरी तो निघाला (इब्री ११:८). पण बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, हेही प्रभू येशूनेच शिकवले आहे (लूक १४:२८-३०). आधी हिशेब करावा आणि मग पाऊल उचलावे.

आपल्या वसईचे संत

‘वाट बदलावी लागली तर आधीचं सगळं वाया जाईल’ ही भीती पुष्कळांना वाटते. आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र आठवा. तुमच्यापैकी कित्येकांच्या तर कॉलेजच्या नावातच ते आहेत. सोळाव्या शतकात त्यांचा जन्म वसईत झाला. येशूसंघीय फादरांकडे ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे जपानी भाषा शिकले, धर्मशिक्षणाच्या कामात राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती, ती पूर्ण झाली नाही. मग ते व्यापारात शिरले आणि तिथे त्यांचा जम बसला. पण मन रमले नाही. शेवटी मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले.

आणि १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन मंडळी जपानला निघाली तेव्हा त्यांना दुभाषी हवा होता. ब्रदर गोन्सालो यांच्यासारखा जपानी जाणणारा माणूस कुठे मिळणार? पहिल्या अपुऱ्या राहिलेल्या वाटेवर जी भाषा ते शिकले, तीच शेवटच्या वाटेवर कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रुसावर प्राण दिले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोणी त्यांना ‘पुढे काय?’ असे विचारले असते, तर त्यांनाही नीट सांगता आले नसते. पण ज्या ठिकाणी होते तिथले काम त्यांनी मन लावून शिकून घेतले. मनापासून शिकलेले वाया जात नाही. जे नुसते ढकलत नेले, तेच वाया जाते.

पालकांसाठी चार शब्द

आईवडिलांनो, तुमची काळजी मला समजते. फी तुमच्या घामातून जाते. जमिनी कमी झाल्या, नोकऱ्यांचा भरवसा राहिला नाही. मुलाचे लवकर मार्गी लागावे असे वाटणे साहजिक आहे. तरी तीन विनंत्या करतो.

पहिली विनंती ही की मुलाचे ठरलेले नसेल तेव्हा मोठे कर्ज काढून महागडा कोर्स घेऊ नका. जवळचे, कमी फीचे चांगले कॉलेज पहिल्या वर्षाला पुरते. फी भरण्यापूर्वी अ‍ॅडमिशन रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या. जितका उशीर होईल तितके परत मिळणारे पैसे कमी होतात.

दुसरी विनंती, घरचा खरा हिशेब मुलांना सांगा. ‘तू फक्त शीक, पैशाचं आम्ही बघू’ हे प्रेमाने म्हटले जाते, पण मग मुलाला आपल्या निर्णयाची किंमत कळत नाही. आपण किती वर्षे शिकवू शकतो, हे त्याला स्पष्ट सांगा. सतरा-अठरा वर्षांचे मूल हे समजू शकते.

तिसरी विनंती, जेवताना ‘काय ठरलं?’ असे रोज विचारू नका. ‘या महिन्यात कोणाला भेटलास? काय नवीन कळलं?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला खोटे उत्तर देता येते. दुसऱ्याला उत्तर द्यायचे तर काहीतरी करावे लागते.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगतो. अडचण आली, केटी लागली, विषय झेपेना झाला, तर डबा घेऊन चर्चगेटला जाऊन बसू नका. घरी सांगा. घरी धाडस होत नसेल तर माझ्याकडे या. यावेळी मी घड्याळाकडे बघणार नाही.

शेवटी धर्मग्रामातील सर्वांना एक आवाहन. आपल्या कामाविषयी एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी अर्धा तास बोलायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी ऑफिसात आपले नाव व काम लिहून द्यावे. गवंड्यापासून डॉक्टरपर्यंत सर्वांची नावे हवी आहेत. त्या बी.कॉम.च्या मुलाला पहिले नाव मी देणार आहे.

चिंतनासाठी व घरात बोलण्यासाठी प्रश्न

१. (मुलांसाठी) मी वरील तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारचा आहे? लोकांना मी कोणते उत्तर देतो आणि खरे उत्तर काय आहे?

२. (मुलांसाठी) येत्या महिन्यात मी कोणाला भेटणार? त्या व्यक्तीचे नाव आजच वहीत लिहा.

३. (पालकांसाठी) माझे मूल माझ्याशी खरे बोलले तर मी शेवटपर्यंत ऐकून घेईन का?

४. (सर्वांसाठी) आयुष्यात वाट बदलावी लागली तेव्हा आधीच्या वाटेवरचे काय माझ्या उपयोगी पडले? ही गोष्ट मी घरातल्या मुलांना कधी सांगितली आहे का?